व्हेंटिलेटर सुटताना आड येणारे क्षार

कांचघर, घमापूर, लालमाटी ही जबलपूरची पूर्वेकडची वस्ती. इथे कोणी अत्यवस्थ झाले की आधी ‘व्हिक्टोरिया’ गाठतात. तिथे भागले नाही, तर शहर ओलांडून नागपूर रोडवरच्या ‘मेडिकल’ला नेतात. सरकारी कागदावर पहिल्याचे नाव सेठ गोविंददास जिल्हा चिकित्सालय आणि दुसऱ्याचे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय असे आहे; रिक्षावाल्याला मात्र जुनी नावेच कळतात. मेडिकलच्या दारात मंडला, दिंडोरी, सिवनी, बालाघाटहून आलेले लोक असतात, तशी पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात राहिलेली मराठी घरेही असतात. पेशंट व्हेंटिलेटरवर गेला की सगळ्यांचा प्रश्न एकच: मशीन कधी निघणार? उत्तरात फुफ्फुस येते, इन्फेक्शन येते, ‘अजून ताकद नाही’ हेही येते. ती ताकद का नाही, याच्या कारणांत रक्तातल्या क्षारांचे नाव आले तर ओझरते येते.

या ओझरत्या कारणाविषयी गेल्या पन्नासेक वर्षांत बरेच लिहिले गेले आहे. ते सगळे एकत्र वाचल्यावर माझे मत असे झाले आहे: श्वासाच्या स्नायूंना दुबळे करणाऱ्या क्षारांच्या कमतरता पेशंट घरून घेऊन येतो त्यापेक्षा जास्त वेळा आयसीयूत, उपचार चालू असताना तयार होतात. आणि त्यांतल्या ज्या दोन सर्वांत जास्त नडतात, त्या रोजच्या रिपोर्टात सहसा नसतात.

आधी स्नायूकडे पाहू. शांत श्वासाचे बहुतेक काम श्वासपटल करते. व्हेंटिलेटर हे काम स्वतःकडे घेतो आणि रिकामा बसलेला स्नायू झपाट्याने झिजतो. २००८ साली फिलाडेल्फियातील लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले. हे दाते १८ ते ६९ तास मशीनवर होते आणि तेवढ्यात स्नायुतंतूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालेले होते. म्हणजे मशीन काढण्याचा दिवस उजाडतो तेव्हा श्वासपटल आधीच खंगलेले असते. त्या खंगलेल्या स्नायूला आकुंचन पावण्यासाठी एटीपी हे पेशीचे इंधन लागते आणि एटीपीसाठी फॉस्फेट लागते. चेता-स्नायूंचा विद्युत्संदेश पोटॅशियमवर चालतो, आकुंचनाची कळ कॅल्शियम दाबते आणि या सगळ्या यंत्रणेतल्या शेकडो विकरांना मॅग्नेशियम हवे असते. धडधाकट माणसाचे फॉस्फेट थोडे खाली आले तर त्याला कळतही नाही. झिजलेल्या श्वासपटलाकडे तेवढी शिल्लक नसते.

फॉस्फेटपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत थेट पुरावा याचाच आहे. फॉस्फेट फार उतरले की श्वसनच बंद पडू शकते, अशा रुग्णांची नोंद १९७७ साली न्यूमन आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये केली. १९८४ मध्ये आगुस्ती यांनी स्पेनमधून, मशीन सुटत नाही याचे कारण फॉस्फेट असल्याचे दाखवून दिले. पण आजही ज्याचा दाखला द्यावा लागतो तो प्रयोग १९८५ सालचा, मिशेल ओबिए आणि सहकाऱ्यांचा. आठ रुग्ण, सगळे तीव्र श्वसनविकाराने व्हेंटिलेटरवर, सरासरी फॉस्फेट लिटरला ०.५५ मिलिमोल, म्हणजे आपल्या लॅबच्या भाषेत डेसिलिटरला १.७ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यांनी मानेतल्या फ्रेनिक चेतेला विजेचा झटका दिला आणि श्वासपटल किती दाब निर्माण करते हे मोजले. मग चार तासांत १० मिलिमोल फॉस्फेट शिरेतून दिले आणि पुन्हा मोजले. रक्तातले फॉस्फेट १.३३ झाले, दाब ९.७५ सेंटिमीटरवरून १७.२५ सेंटिमीटर पाण्याइतका झाला. चार तासांत पाऊणपट वाढ! पेशंटने ‘जोर’ लावला की नाही याचा इथे प्रश्नच नव्हता. चेतेला बाहेरून उत्तेजन दिलेले होते, म्हणून हा स्नायूचाच हिशेब.

हा प्रयोग मला आवडतो, आणि त्याच्याबद्दल सावधही राहावेसे वाटते. रुग्ण आठच होते. त्यांचे फॉस्फेट खरोखर खालावलेले होते, २.३ मिलिग्रॅमचे २.८ करून असेच होईल, असे त्यातून म्हणता येत नाही. आणि मोजला तो दाब. मशीन सुटले की नाही हे त्यात मोजलेले नव्हते. पुढे २०१० साली अल्सुमरेन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या श्वासचाचण्यांचा (मशीनची मदत काढून किंवा कमी करून स्वतः श्वास घेऊ देण्याच्या चाचण्यांचा) आणि त्या वेळच्या फॉस्फेटचा ताळा लावला. फसलेल्या चाचण्यांच्या वेळी फॉस्फेट सरासरीने कमी होते, लिटरला ०.८ मिलिमोलच्या खाली फसण्याची शक्यता वाढलेली होती. वाढ होती, पण माफक होती. जे अभ्यास नंतर सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या, रुग्णांवर झाले, त्यांचा रोखही साधारण असाच आहे.

सीओपीडीचा उल्लेख इथे मुद्दाम. जबलपूर-सागर हा तेंदूपानाचा आणि विडीचा पट्टा, आणि खेड्यांत चुलीचा धूर अजून सरलेला नाही. या आजाराचा पेशंट आयसीयूत आला की त्याला सालबुटामॉलची वाफ, स्टेरॉइड, कधी थिओफिलिन, पायावर सूज असेल तर लघवी वाढवणारे लॅसिक्स मिळते. यांतले प्रत्येक औषध फॉस्फेट किंवा पोटॅशियम खाली खेचते: काही लघवीवाटे घालवतात, काही रक्तातून पेशीत ढकलतात. इटलीतील फिआक्काडोरी यांनी १९९० च्या सुमारास अशा रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे काढून दाखवले, की तुटवडा फक्त रक्तात नसतो; स्नायूच्या आतला साठाही रोडावलेला असतो. रक्तातला आकडा हा पाण्यावर दिसणारा भाग. शरीरातले बहुतेक फॉस्फेट हाडांत असते, पोटॅशियमचा सुमारे ९८ टक्के साठा पेशींच्या आत असतो, आणि मॅग्नेशियमचा जेमतेम एक टक्का रक्तद्रवात असतो. म्हणून ‘नॉर्मल’ रिपोर्टने निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

यात भर घालतो तो खुद्द व्हेंटिलेटर. दिवसेंदिवस कार्बन डायऑक्साइड साठवत आलेल्या रुग्णाला मशीनवर घेतले आणि उत्साहाने त्याचे श्वास वाढवले की कार्बन डायऑक्साइड वेगाने उतरतो, पेशीतला सामू चढतो, साखर जाळण्याची क्रिया जोर धरते आणि त्या क्रियेसाठी फॉस्फेट रक्तातून पेशीत ओढले जाते. दाखल होताना ३.५ मिलिग्रॅम असलेले फॉस्फेट काही तासांत निम्म्यावर आलेले दिसते. पुन्हा तपासले नाही तर ते कुणाला कळतही नाही.

सगळ्यांत मोठा हिस्सा मात्र अन्नाचा आहे, आणि याबद्दल आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही असे मला वाटते. उपाशी शरीराला एकदम खायला घातले की काय होते, हे दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षात आले. सुटका झालेले युद्धकैदी जेवण मिळू लागल्यावर सुजले, त्यांची हृदये थकली, काही दगावले. १९८१ साली वाइन्सियर आणि क्रुमडीक यांनी शिरेतून भरमसाट पोषण दिल्याने झालेल्या मृत्यूंचे वर्णन केले. रसायन एकच: साखर मिळताच इन्सुलिन वाढते, पेशी फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम ओढून घेतात, आणि थायमिन कमी असेल तर सगळेच कोलमडते. आयसीयूतला क्रम आठवून पाहा. क्षयाचा पस्तीस किलोचा माणूस, पंधरा दिवस धड जेवलेला नाही. आल्या आल्या डेक्स्ट्रोजची बाटली, दुसऱ्या दिवशी नाकातल्या नळीतून फीड, साखर चढली म्हणून इन्सुलिन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरलेला, छातीचा फोटो सुधारलेला, नळी काढायची चर्चा सुरू, आणि नेमके त्याच वेळी फॉस्फेट तळाला. मंडला-दिंडोरीच्या जंगलपट्ट्यातून येणारे रुग्ण असोत की शहरातला एकटा राहणारा म्हातारा, कुपोषण आपल्याकडे अपवाद नाही.

यावर चांगली चाचणी झाली ती ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. डॉइग आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘लॅन्सेट’च्या श्वसन नियतकालिकात ३३९ रुग्णांचा निष्कर्ष छापला. फीड सुरू झाल्यावर ७२ तासांच्या आत ज्यांचे फॉस्फेट ०.६५ मिलिमोलच्या (सुमारे २ मिलिग्रॅम) खाली गेले, त्यांना दोन गटांत विभागले: एका गटाचे उष्मांक काही दिवस कापले, दुसऱ्याचे नेहमीसारखे वाढवत नेले. ठरवलेला मुख्य निकष आयसीयूतून सुटल्यानंतर जिवंत असलेल्या दिवसांचा होता आणि त्यात फरक आला नाही. पण साठ दिवसांच्या जगण्यात उष्मांक कापलेला गट पुढे होता. युरोपच्या पोषणतज्ज्ञ संस्थेने, एस्पेनने, २०१९ मध्ये हाच ०.६५ चा आकडा धरून सांगितले, की असे झाले तर क्षार दिवसातून दोन-तीनदा पाहा आणि ४८ तास उष्मांक आवरा. कमी फॉस्फेटवर उपाय नुसते फॉस्फेट चढवणे नाही, फीडचा वेगही पाहायचा आहे. हे मला महत्त्वाचे वाटते, कारण फॉस्फेटचे इंजेक्शन प्रत्येक ठिकाणी हाताशी नसते. फीडचा वेग कमी करणे कुठेही जमते.

मूत्रपिंड निकामी झालेल्यांची गोष्ट उलट दिशेने जाते. त्यांचे फॉस्फेट आणि पोटॅशियम वाढलेले असते, म्हणून डॉक्टर वाढीला घाबरून असतात. मग चोवीस तास चालणारे डायलिसिस सुरू होते. २००९ च्या ‘रीनल’ चाचणीत जास्त जोराच्या डायलिसिस गटात ६५ टक्के आणि कमी जोराच्या गटात ५४ टक्के रुग्णांचे फॉस्फेट खाली गेले. दोन वर्षांनी डेमिर्जियन यांनी अशा रुग्णांत कमी फॉस्फेट आणि लांबलेले श्वसनसाह्य यांची सांगड दाखवली. डायलिसिस झाले, फॉस्फेट बिनधास्त सोडले, असे चालत नाही.

पोटॅशियमबद्दल थोडक्यात, कारण ते सगळेच पाहतात. ३.५ ते ५ ही रेषा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही पाठ असते. २.५ च्या खाली हातपाय गळतात आणि पाठोपाठ श्वासाचे स्नायू. त्याहून कमी लक्षात येणारा रस्ता पोटातून जातो: पोटॅशियम कमी झाले की आतडी मंदावतात, पोट फुगते आणि फुगलेले पोट श्वासपटलाला वर ढकलून ठेवते. असा पेशंट टी-पीसवर, म्हणजे मशीनशिवाय नळीतून स्वतः श्वास घेताना, दहा मिनिटांत दमतो आणि सगळे छातीचा फोटो पुन्हा पुन्हा पाहत बसतात. पोट कुणी दाबून पाहिलेले नसते.

पोटॅशियम देऊन देऊन चढत नसेल तर मॅग्नेशियम पाहावे, हा जुना नियम. मूत्रपिंडाच्या पेशीतले मॅग्नेशियम पोटॅशियमच्या गळतीच्या दारावर बूच म्हणून बसलेले असते; ते कमी झाले की दार उघडे राहते आणि वरून ओतलेले पोटॅशियम लघवीतून वाहून जाते. मॅग्नेशियम स्वतःही श्वासाची ताकद ठरवते. १९८४ मध्ये ढिंग्रा, मोलॉय आणि सहकाऱ्यांनी कमी मॅग्नेशियमच्या रुग्णांत श्वास आत ओढण्याचा आणि बाहेर फेकण्याचा जोर मोजला. मॅग्नेशियम दिल्यावर तो वाढला. आयसीयूत ते घालवणारी औषधे रोजचीच: लॅसिक्स, अमिकासिन, आणि महिनोन्‌महिने चालणारी पँटोप्रॅझोलसारखी आम्लविरोधी गोळी. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने नागपूर-जबलपूरकडच्या वॉर्डांत हाहाकार माजवला, तेव्हा अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. ते औषध पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही उपसून काढते. कुपी मिळवण्याच्या धावपळीत हा मुद्दा मागे पडला असेल तर नवल नाही.

मॅग्नेशियमची दुसरी बाजूही आहे, आणि ती भारतीय डॉक्टरांना प्रसूतिकक्षामुळे चांगली माहीत असते. एक्लॅम्प्सियात, म्हणजे गर्भारपणातल्या आचक्यांत, मॅग्नेशियम सल्फेट देताना गुडघ्याचा झटका तपासत राहायचे. तो गेला की पुढची पायरी श्वास बंद पडण्याची, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी. मॅग्नेशियममुळे चेतेच्या टोकाशी असेटिलकोलिन कमी सुटते. मायस्थेनियाच्या, म्हणजे चेता-स्नायूंचा सांधाच दुबळा असलेल्या, रुग्णाला दम्यासाठी म्हणून दिलेले मॅग्नेशियम त्यालाच व्हेंटिलेटरवर नेऊ शकते. धनुर्वातात हाच गुण उपयोगाचा ठरेल का, हे व्हिएतनाममध्ये थ्वेट्स आणि सहकाऱ्यांनी २५६ रुग्णांवर तपासले, २००६ साली. व्हेंटिलेटरची गरज कमी झाली नाही; आचके आवरायला लागणारी इतर औषधे मात्र कमी लागली. म्हणजे ‘जास्त दिले तर काय बिघडते’ हे या क्षाराबाबत म्हणता येणार नाही, आणि मूत्रपिंड बिघडलेले असताना तर मुळीच नाही.

इथे आपल्या भागातला एक आजार समोर येतो. १९७४ साली पुण्याचे आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी कीटकनाशकांच्या, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरसच्या विषबाधेत दिसणाऱ्या चेताविकारांचे बारकाईने वर्णन केले. एक प्रकार दाखल होतानाच दिसणारा आणि अ‍ॅट्रोपिनला दाद देणारा. दुसरा नंतर उगवणारा, अ‍ॅट्रोपिनला न जुमानणारा, ज्यात मान उचलता येत नाही आणि श्वास थकतो. १९८७ मध्ये श्रीलंकेतील सेनानायके आणि करल्लिएद्दे यांनी याच दुसऱ्या चित्राला ‘इंटरमीजिएट सिंड्रोम’ म्हटले आणि जगभर ते नाव रूढ झाले. पुण्याच्या कामाचे श्रेय पाठ्यपुस्तकांत त्यामानाने बारीक टायपात येते. असो. मुद्दा असा, की या रुग्णाची फुफ्फुसे बहुधा तरुण आणि धड असतात, अडते ते चेता आणि स्नायूंच्या सांध्यावर. त्याच्या पोटातले सगळे उलटी-जुलाबांतून गेलेले असते, पोट धुतलेले असते, सलाइनच्या बाटल्या चढलेल्या असतात. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरायला याहून अनुकूल परिस्थिती कोणती? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली तेव्हा चर्चा कीटकनाशकांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. वॉर्डातला प्रश्न मात्र रोज सकाळी वेगळाच असतो: मान उचलतोय का? आणि उचलत नसेल, तर ते विषामुळे की आपण न पाहिलेल्या मॅग्नेशियममुळे?

मण्यारचा दंश हा याच जातीचा प्रश्न. श्रीलंकेतील अनुराधापूरहून कुलरत्ने यांनी मण्यारदंशाच्या मोठ्या मालिकेत पोटॅशियम उतरलेले आढळल्याचे नोंदवले आहे. महाकोशलच्या, म्हणजे जबलपूरभोवतालच्या मुलखातल्या, पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला चावणारा साप हाच.

आता स्नायू सोडून श्वासाच्या इच्छेकडे येऊ. मेंदू श्वास घ्यायला सांगतो तो मुख्यतः रक्तातल्या आम्लतेवरून. लॅसिक्स, नाकातल्या नळीतून वाहून जाणारे जठराम्ल आणि स्टेरॉइड यांनी क्लोराइड घटते, बायकार्बोनेट चढते, रक्त अल्कधर्मी होते, आणि मेंदू म्हणतो, घाई कशाला? मशीनवर हे झाकलेले राहते. टी-पीस लावला की श्वास मंद पडतो. यावर सरळ उपाय दिसतो: बायकार्बोनेट उतरवणारे अ‍ॅसिटाझोलामाइड द्या. फ्रान्समधल्या १५ आयसीयूंनी ‘डायाबोलो’ चाचणीत सीओपीडीच्या ३८० रुग्णांवर ते करून पाहिले. २०१६ मध्ये निकाल आला: बायकार्बोनेट उतरले, व्हेंटिलेटरचे तास ठोसपणे कमी झाले नाहीत. अ‍ॅसिटाझोलामाइड घेणाऱ्यांचा मध्यक १३६.५ तास, दुसऱ्यांचा १६३. फरक दिसतो, पण योगायोग म्हणून टाकता येईल इतकाच. मला हा निकाल फार शिकवणारा वाटतो. आकडा दुरुस्त झाला आणि माणूस जिथे होता तिथेच राहिला, असे होऊ शकते. म्हणून क्लोराइड आणि पोटॅशियम भरून मूळ कारण मिटवणे, लॅसिक्सचा हात आखडणे हे अधिक शहाणपणाचे. गोळी देऊन कागदावरचा आकडा सरळ करणे नव्हे.

आकडा चुकीचा वाचण्याची परंपरा तर आयसीयूच्या जन्माइतकी जुनी आहे. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडॅम इस्पितळात पोलिओची साथ आली, तेव्हा रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, वाढलेले सापडत होते. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला: कुठलीशी अनाकलनीय अल्कधर्मिता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इबसेन म्हणाले, नाही, ही माणसे श्वास कमी पडून कार्बन डायऑक्साइडने गुदमरत आहेत. त्यांनी एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने श्वास देऊन दाखवला आणि मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. आजच्या आयसीयूची मुळे तिथे शोधतात.

सोडियम आणि कॅल्शियम मी मागे ठेवले, कारण मशीन सोडवण्याच्या प्रश्नात त्यांचा वाटा आडून येतो. सोडियम १२५ च्या खाली किंवा १५५ च्या वर असेल तर पेशंट गुंगीत राहतो, खोकत नाही, थुंकी बाहेर काढत नाही. नळी काढायला निव्वळ श्वास पुरत नाही, जाग आणि खोकलाही लागतो. कॅल्शियमचा एकूण आकडा अल्ब्युमिन कमी असल्याने बहुतेक आयसीयू-रुग्णांत कमीच दिसतो आणि त्यावर ग्लुकोनेटच्या कुप्या वाया जातात. पाहायचे ते आयनित कॅल्शियम, जे रक्तवायूचे यंत्र आयतेच देते.

आणि इथेच अडचण आहे. रक्तवायूचे यंत्र सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, आयनित कॅल्शियम काही मिनिटांत हातात ठेवते. फॉस्फरस बहुतेक यंत्रे देत नाहीत, मॅग्नेशियम क्वचित. लहान इस्पितळात ‘इलेक्ट्रोलाइट्स’ लिहिले की लॅब सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड पाठवते. फॉस्फरस वेगळा लिहावा लागतो, मॅग्नेशियम वेगळे, आणि रात्री नमुना बाहेर गेला तर रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. २०२० च्या मे महिन्यात पीएम केअर्स निधीतून देशी बनावटीचे पन्नास हजार व्हेंटिलेटर घेण्यासाठी दोन हजार कोटी रुपये बाजूला काढले गेले. मशीन जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली, हे चांगलेच झाले. मशीनवरून माणूस उतरवायला जे लागते, म्हणजे प्रशिक्षित नर्स, फिजिओथेरपिस्ट, रात्रीही चालणारी लॅब, त्यांचा फोटो काढण्यासारखा कार्यक्रम होत नाही.

मशीन सोडवण्याचे बाकीचे शास्त्र गेल्या तीस वर्षांत बरेच स्थिरावले आहे. यांग आणि टोबिन यांनी १९९१ मध्ये श्वासांची संख्या भागिले श्वासाचे आकारमान हा १०५ चा निकष दिला. १९९५ मध्ये एस्तेबान यांनी दाखवले, की मदत हळूहळू कमी करत बसण्यापेक्षा दिवसातून एकदा श्वासचाचणी घेतली तर माणूस लवकर सुटतो. २०१९ मध्ये स्पेनच्या सुबिरा यांनी अर्ध्या तासाची, थोडा दाब देऊन घेतलेली चाचणी दोन तासांच्या टी-पीसपेक्षा सरस ठरवली: ८२ टक्के विरुद्ध ७४. या सगळ्या मोठ्या चाचण्यांत क्षारांकडे बघण्याची दृष्टी ‘चयापचय स्थिर असावे’ एवढ्या वाक्याची. मशीन सोडवण्याविषयीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रातही स्नायूंच्या दुबळेपणाच्या कारणांत फॉस्फेट, मॅग्नेशियम, पोटॅशियम आहेत. पण ते यादीत आहेत, पुढच्या रांगेत नाहीत.

ते पुढे आणावेत का? शंका घेणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. कमी फॉस्फेट हे अनेकदा आजार किती खोल आहे याची खूण असते. सुझुकी आणि बेलोमो यांनी २०१३ मध्ये अडीच हजारांहून अधिक आयसीयू-रुग्णांचा अभ्यास छापला. इतर गोष्टींचा हिशेब धरल्यावर कमी फॉस्फेट मृत्यूचा स्वतंत्र सूचक उरला नाही. पोटॅशियमबाबत तर ताजा दाखला आहे: हृदयशस्त्रक्रियेनंतर पोटॅशियम ४.५ च्या वर राखायचा रिवाज जगभर होता; २०२४ च्या ‘टाइट-के’ चाचणीत ब्रिटन आणि जर्मनीतील सुमारे १,७०० रुग्णांत ३.६ पर्यंत थांबलेल्यांचे हृदयाचे ठोके तितकेच नीट राहिले. कुप्या वाचल्या, पैसे वाचले. प्रत्येक आकडा रेषेच्या मध्यावर आणून ठेवण्याचा छंद महाग आहे आणि कधी घातकही. पोटॅशियमच्या दहा मिलिलिटरच्या कुपीत वीस मिलिइक्विव्हॅलंट असतात. ती चुकून थेट शिरेत गेली तर हृदय थांबते. फॉस्फेट आणि कॅल्शियम एका नळीत गेले तर खडू जमतो.

तरीही मी या शंकांनंतर एवढे नक्की म्हणेन: पहिली श्वासचाचणी पास होणाऱ्या, म्हणजे बहुसंख्य, रुग्णांत हा सगळा खटाटोप नको. चाचणी फसली, फुफ्फुसात आणि हृदयात समाधानकारक कारण सापडले नाही, तर फॉस्फरस आणि मॅग्नेशियम त्याच दिवशी पाहावे. आणि काही रुग्णांत चाचणी फसायची वाटही पाहू नये: आठवडाभर उपाशी असलेला, दारूचे व्यसन असलेला, मधुमेहाच्या कोमातून आलेला, सतत डायलिसिसवर असलेला, रोज वाफ आणि लॅसिक्स दोन्ही चालू असलेला. फीड सुरू केल्यानंतरचे पहिले तीन दिवस हे त्यांचे धोक्याचे दिवस. लॅब फॉस्फरस देऊच शकत नसेल तर अशांना पहिले ग्लुकोज देण्याआधी थायमिन द्यावे आणि फीड निम्म्या वेगाने सुरू करावे. याला रिपोर्ट लागत नाही.

हे मत किती खरे ठरेल, हे तपासण्यासाठी लागणारी चाचणी भारतात करता येण्याजोगी आहे. भारतीय क्रिटिकल केअर सोसायटी १९९३ पासून आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील जे. व्ही. दिवाटिया आणि सहकाऱ्यांनी तिच्यामार्फत ‘इंडिकॅप्स’ अभ्यासात १२४ आयसीयूंतल्या ४,२०९ रुग्णांची माहिती एकत्र केली होती, म्हणजे जाळे तयार आहे. पाश्चात्त्य अभ्यासांत वृद्ध, अनेक आजारांचे, खराब फुफ्फुसांचे रुग्ण असतात. त्यांच्यात क्षाराचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. कीटकनाशकाचा किंवा मण्यारदंशाचा रुग्ण मात्र तिशी-चाळिशीचा असतो, फुफ्फुस स्वच्छ, हृदय ठीक, अडचण निव्वळ चेता-स्नायूंची. अशा रुग्णांत अर्ध्यांचे फॉस्फेट आणि मॅग्नेशियम रोज पाहून भरून काढायचे, अर्ध्यांचे नेहमीच्या पद्धतीने चालू द्यायचे, फार खाली गेले तर तेवढे सुधारायचे, आणि मोजायचे मशीनवरचे दिवस. जबलपूर, नागपूर, यवतमाळ, पुणे, वेल्लोर अशी पाच-सहा केंद्रे पावसाळ्याच्या दोन हंगामांत त्याला पुरतील असे वाटते.